क्रेनवालीचा दुसरा डाव

"उद्यापासून माझ्यासाठी अंडं उकडू नका, दूधही नको," क्रेनवालीनं न्याहारी करता करता सांगितलं, आणि तिच्या नवऱ्याच्या हातातला चमचा हवेतच राहिला.

तिला सगळे क्रेनवालीच म्हणत. गोदीत जहाजांवरचे कंटेनर उतरवणाऱ्या उंच क्रेनवर सहा जण होते, त्यांत बाई ही एकटीच. वय शेहेचाळीस, अंग काटक, बोलणं कमी. नवरा कुलूपवाला. राहत्या घराखालीच त्याचं किल्ल्या करून द्यायचं दुकान होतं, आणि घरातला स्वयंपाकही बहुतेक तोच करायचा, कारण तिच्या पाळ्यांचा काही नेम नसे.

"पुन्हा?" तो म्हणाला.

त्या एका शब्दात सगळं आलं होतं.

पाच वर्षांपूर्वी एकदा तिच्या क्रेनखाली गायींचं जहाज लागलं होतं. केबिनची जमीन काचेची, त्यामुळे खाली काय चाललंय ते सगळं दिसायचं. गायी फळीवरून जहाजात चढवत होते आणि त्यांची वासरं धक्क्यावरच्या गाडीत भरत होते. केबिन चहूबाजूंनी बंद असूनही हंबरडे वरपर्यंत येत होते. त्या दिवसापासून तिनं मांस, मासे, अंडी, दूध, सगळं सोडलं. भाषण नाही, वाद नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी पाहिलंय ना."

सोडलं ते मात्र नुसतंच सोडलं, जागेवर काही आणलं नाही. पाव, बटाटे, मुरांबा आणि कोरा चहा, यावर तीन वर्षं काढली. कुणीतरी गोळ्या घ्यायला सांगितलं होतं, तेही तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. आधी थकवा आला, मग पायांना मुंग्या. आणि एका सकाळी क्रेनच्या शिडीवरून उतरताना पायाखाली पायरी आहे की नाही तेच कळेना. तीन पायऱ्या निसटली आणि शिडीला अडकवलेल्या कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत राहिली. वाचली ती पट्ट्यामुळे. रक्त तपासलं तर बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ तळाला गेलेलं. इंजेक्शनं झाली, आठ महिने तिला क्रेनवरून काढून फाटकावर कागद तपासायला बसवलं, आणि कुलूपवाल्यानं रोज सकाळी एक अंडं आणि पेलाभर दूध पुढे ठेवायला सुरुवात केली. ती मुकाट्यानं खायची, औषध घेतल्यासारखं. पायांत जाण परत आली, क्रेन परत मिळाली. त्यालाही आता वर्ष होऊन गेलं होतं.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. कुलूपवाल्याचं तोंड दूध नसल्यामुळे पोळलं होतं, एवढाच काय तो फरक.

"मी अडवत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण तू निसटलीस त्या दिवशी मला मुकादमाचा फोन आला होता, तो आवाज अजून कानात आहे. 'लवकर या' एवढंच म्हणाला होता. वाटेत मी मनात काय काय धरून चाललो होतो, तुला माहीत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर सांगून करतेय. मागच्या वेळी रागानं केलं होतं. या वेळी डॉक्टरांना विचारून करू. तुम्हीही चला."

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि तोंडाच्या फटकळ. त्यांनी जुने रिपोर्ट चष्म्यावरून पाहिले.

"मागच्या वेळी काय खात होतात?"

तिनं सांगितलं, गायी-वासरांचंही.

"याला व्हीगन आहार नाही म्हणत, उपासमार म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बटाट्याला आई नसते हे खरं, पण नुसत्या बटाट्यावर माणूस चालत नाही."

कुलूपवाल्याला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात लपवलं.

मग बाईंनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. बी-बाराची गोळी रोज, जन्मभर. तिथे 'आज विसरले' चालणार नाही, कारण झाडपाल्यातून ते भरवशानं मिळत नाही. दोन्ही जेवणांत मसूर, हरभरे, राजमा, सोयाबीन यांतलं काहीतरी हवंच. हाडांसाठी तीळ, हिरवा पाला, टोफू आणि कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध. जवसाची पूड चमचाभर. मीठ आयोडीनचंच.

"आणि ऊन?" त्यांनी विचारलं.

"दिवसभर उन्हातच असते. चहूबाजूंनी काच आहे."

"काचेतून घाम येतो, ड जीवनसत्त्व नाही मिळत. त्याचीही गोळी घ्या. तीन महिन्यांनी रक्त तपासू."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कुलूपवाला थांबला. "एक अट. तीन महिन्यांनी एक जरी आकडा खाली आला, तर अंडं परत."

"कबूल," ती म्हणाली.

आता कुलूपवाल्याचा स्वभाव असा, की काम हाती घेतलं की ते अर्धवट करणं त्याला जमत नसे. पहिल्या आठवड्यात हरभरे कच्चे राहिले आणि दोघांची पोटं फुगली. दुसऱ्या आठवड्यात ते आदल्या संध्याकाळीच भिजत पडायला लागले. तीळ भाजून, लिंबू पिळून तो अशी चटणी वाटायचा, की गोदीतले इतर क्रेनवाले डबा उघडला की पाव पुढे करायचे. गोळ्यांची बाटली त्यानं तिच्या दात घासायच्या ब्रशाशेजारी ठेवली. "दात विसरशील का? मग हीही विसरायची नाही."

वरच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण राहायची. आजारपणात हिनंच भावजयीला माशाचं सार पाजलं होतं, त्यामुळे आपला हक्क मोठा असं तिला वाटे, आणि ते खोटंही नव्हतं. ती एकदा खाली आली, भांड्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाली, "काय गं, घोड्याला घालतेस की नवऱ्याला?"

"दोघंही खातो, वन्सं. बसा, घ्या थोडं."

"मला नको बाई. मला अजून जगायचंय," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या वाटीभर खाऊन गेली.

तीन महिने सरले. क्रेनवालीला तर बरं वाटत होतं. पाय ठणठणीत, हातातले क्रेनचे दांडे सफाईनं चालत होते. रिपोर्ट आला तेव्हा ती हसतच दवाखान्यात शिरली.

बी-बारा उत्तम. ड जीवनसत्त्व वर चाललेलं. लोहाचा साठा मात्र आधीपेक्षा खाली.

कुलूपवाल्याची जीत झाली होती, पण त्याचंच तोंड उतरलं होतं.

"डाळी खाता? लिंबू घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन्ही वेळा," तो घाईनं म्हणाला. "मीच करतो."

"जेवणाबरोबर काय पिता?"

"चहा," क्रेनवाली म्हणाली. "कोरा. चांगला कडक."

"जेवताना?"

"जेवताना एक कप, जेवण झाल्यावर एक. डब्याबरोबर थर्मास असतो."

"कोण करतं?"

कुलूपवाला खुर्चीत जरा सरकला. "मी. तिला आवडतो म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, तुम्ही एका हातानं लोह वाढताय आणि दुसऱ्या हातानं काढून घेताय. डाळीतलं लोह चहा अंगी लागू देत नाही. बंद करा म्हणत नाही मी. पण जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी नको. साठा थोडाच खाली आहे, म्हणून आत्ताच लोहाची गोळी देत नाही. आधी चहा हलवू. आणखी तीन महिने."

घरी येईपर्यंत तो मनात हिशेब करत होता. प्रेमानं, न चुकता, तिच्या दर जेवणाबरोबर त्यानं तो चहा दिला होता, मागच्या त्या तीन वर्षांतही. स्वयंपाकघरात आल्यावर क्रेनवालीनं स्वतःच कपाट उघडलं आणि त्याच्यासाठी आणलेल्या अंड्यांतलं एक काढून ओट्यावर ठेवलं.

"शब्द दिला होता," ती म्हणाली. "आकडा खाली आलाय. उकडा."

त्यानं अंड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी सरळ होता, पण बोटं ओट्याची कड घट्ट धरून होती.

"अंडं ठेव आत," तो म्हणाला. "चूक माझ्या किटलीची आणि शिक्षा तुला, असं कुठे असतं का?"

"पण अट..."

"अट मी घातली होती. मीच मोडतो. तीन महिने दे मला."

तिनं डोळे पुसले आणि अंडं परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी किटली खाली दुकानात गेली. चहा आता चारच्या सुमाराला व्हायचा. पाळी सकाळची असली की ती परतताना दुकानातच थांबायची आणि दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभं राहून प्यायची. डब्यात थर्मासच्या जागी संत्रं आलं. पहिले काही दिवस तिचं डोकं दुखलं, चिडचिड झाली, मुकादमावर विनाकारण एकदा ओरडलीही. मग सवय झाली.

पुढचा रिपोर्ट घ्यायला कुलूपवाला एकटाच गेला, कारण ती पाळीवर होती. लोहाचा साठा वर आला होता. फार नाही, पण आधीच्या दोन्ही आकड्यांच्या वर. बाकीचं सगळं जागच्या जागी. "आता सहा महिन्यांनी या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि गोळीत खंड नको."

तो थेट गोदीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. पाळी सुटली तशी ती आली, कमरेचा पट्टा खांद्यावर टाकून. त्यानं कागद पुढे केला. तिनं तो दोनदा वाचला.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? मी तर उद्याचा राजमा भिजत घालूनच निघालो होतो."

ती मोठ्यानं हसली, इतकी की फाटकावरच्या पहारेकऱ्यानं वळून पाहिलं.

घरी आले तर वरची बहीण दारातच उभी. आज तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती.

"अगं, तुला पायांना मुंग्या यायच्या, त्या कशा गं असायच्या?"

"का हो वन्सं?"

"माझ्या बोटांना येतात. महिना झाला. पण मी तर मासे खाते, दूध पिते, सगळं खाते."

क्रेनवालीनं तिचा हात हातात घेऊन पाहिला. "साखरेच्या आजाराची गोळी किती वर्षं घेताय?"

"झाली असतील बारा."

"त्या गोळीनंही बी-बारा उतरतं कधीकधी. डॉक्टरीणबाई सांगत होत्या. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला, रक्त देऊन येऊ."

"आणि सापडलं काही तर? मला नाही हां तुझे हरभरे खायचे!"

"हरभऱ्यांत ते नसतंच, वन्सं," क्रेनवाली म्हणाली. "तुम्हाला फक्त गोळी. हरभरे आवडले तरच खा. या आत, पान वाढतेय."

बहिणीनं चपला काढल्या आणि भावाला विचारलं, "ती तिळाची चटणी आहे का रे?"