देवकापूस

पट्टी सुटली तेव्हा मोठा आवाज झालाच नाही. मशीनच्या जबड्यातून नुसतं 'टक्' झालं आणि पडद्यावरचा आकडा नवावर थांबला. तो बावीसच्या पुढे जायला हवा होता.

"पाचवी," प्रयोगशाळेचे प्रमुख शामकांत सर म्हणाले. "म्हणजे पाचही गेल्या."

भार्गवीने पट्टी सोडवून घेतली. कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या टोकावर टोक ठेवून चिकटवलेल्या होत्या. आता दोन्ही अलग झाल्या होत्या आणि जोडाची जागा कशी गुळगुळीत. चिकटवणाऱ्या रेझिनने एकीला घट्ट धरलं होतं, दुसरीला जणू शिवलंच नव्हतं.

रेझिन मोनिकाचं होतं. पारनेरकडच्या शेतकरी घरातली ही मुलगी रसायनशास्त्र शिकली, आणि एमआयडीसीतल्या एका लहानशा शेडमध्ये दोन वर्षं हे रेझिन घोटत बसली. बाहेरून येणारं रेझिन फ्रीजरमध्ये जपावं लागतं. हिचं नगरच्या मे महिन्यातही टिकत होतं. बिनवैमानिकाच्या छोट्या विमानांचे पंख करणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं, नगरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आणा, मग बोलू. तो अहवाल मंगळवारी दुपारी बाराला जायचा होता. आज सोमवार.

नगरला विमानतळ नाही. पाटीवर अहिल्यानगर आलं तरी लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि तिथले रिक्षावाले भार्गवीला हसायचे, "ताई, तुमी विमानं तपासता म्हनं. मग उतरत्यात कुठं, माळीवाडा स्टँडवर?" ती हसून सोडून द्यायची. विमान उडण्याआधी त्याचा तुकडा न् तुकडा कुणीतरी ओढून, तापवून, भिजवून बघावा लागतो, आणि ते काम एमआयडीसीतल्या या बैठ्या इमारतीत चालतं, हे रिक्षात बसून किती सांगणार?

पट्ट्या घासायच्या, ॲसिटोनने पुसायच्या, जोडायला तयार करायच्या, हे तिचं अठरा वर्षांचं काम. पुसलेल्या पट्टीवर पाणी सोडून बघायची रीत होती. पाणी चादरीसारखं पसरलं तर पट्टी स्वच्छ, थेंब थेंब उभे राहिले तर कुठेतरी स्निग्ध काही राहिलं. पण भार्गवीच्या पट्ट्यांची ती परीक्षा कुणी घेतच नसे. "ताईंचा हात म्हणजे सोवळं," असं म्हणायचे सगळे.

"सर, जूनमध्ये चोवीस आलं हुतं," मोनिका म्हणाली. एरवी ती शहरी बोले; कावरीबावरी झाली की पारनेर वर यायचं. "तीच बॅच हाय. मी कायसुदिक बदललं न्हाई."

"मशीनला वशिला कळत नाही, बाळ." सर भार्गवीकडे वळले. "पुसायला नेहमीचंच होतं ना?"

"स्वच्छच होतं, सर," भार्गवी म्हणाली.

आणि ते खरंच होतं. गुरुवारी पुसायच्या वाइप्सचा डबा संपला, नवा खरेदी विभागात अडकला, तेव्हा तिने घरून कापूस आणला होता. भिंगारच्या क्वार्टरच्या दारात देवकापसाचं झाड होतं. चातुर्मासात रोज एकशेआठ फुलवाती करायचं तिचं व्रत, त्यासाठी ती स्वतः बोंडं वेचायची, सरकी काढायची, न्हाल्याशिवाय त्याला हात लावायची नाही. त्याहून स्वच्छ तिच्या घरात काही नव्हतं. प्रयोगशाळेत तरी कुठून असणार? नोंदवहीत मात्र तिने सवयीने 'वाइप' लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी तिला चैन पडेना. सोमवार सोडायला बसली, पण अर्ध्या ताटावरून उठली. काहीतरी बोचत होतं. काय ते सापडत नव्हतं. डोळ्यांपुढे येत होती ती गुळगुळीत जागा, आणि बॅगेची चेन तीनतीनदा लावणारी मोनिका.

सकाळी न्हाऊन ती वातींना बसली. तोंडात नाम, बोटांत कापूस. पण नाम एकीकडे आणि मन मशीनपाशी. एकसष्टाव्या वातीला हात चळला आणि कापसाचा एक पुंजका पंचपात्रीतल्या पाण्यात पडला.

तो बुडाला नाही. तिने बोटाने दाबला, तो पुन्हा वर आला. कोरडाच.

"अगं अनन्या," ती हलकेच म्हणाली, "हा पाणी का पीत नाही गं?"

वेणी घालत असलेली लेक डोकावली. "त्याच्यावर मेण असतं, आई. दवाखान्यातला कापूस धुऊन काढतात, म्हणून तो पितो. तुझा देवकापूस तूपच पिणार!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ती आत गेली.

भार्गवीचा हात तसाच राहिला. मेण कशाने विरघळतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. ॲसिटोनने. ॲसिटोन उडून जातं, मेण पट्टीवर बसतं. तिने पाच पट्ट्या पुसल्या नव्हत्या, आपल्या हाताने माखल्या होत्या.

अकरा वर्षांत एकदाही न मोडलेलं व्रत एकसष्टावर सोडून ती उठली. देवाला म्हणाली, "आत्ता नाही रे."

स्कूटर भिंगारच्या कॅम्पातून निघाली आणि मन उलटसुलट पळू लागलं. प्रयोगशाळेत नेलेला कापूस संपलाय. नवा डबा आज येईल. गप्प राहिलं तर कुणाला कळणार? सिग्नलला वाटलं, 'पुसण्यात काही राहिलं असेल', एवढंच म्हणावं. खोटं नाही ते. पण गुरुवारपासून आणखी दोन कंपन्यांच्या पट्ट्या तिने पुसल्या होत्या. अर्धं सांगून त्यांचं काय? मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दाबून धरला. "ओ मावशी, हिरवा झालाय!"

ती पोचली तेव्हा सरांनी अहवालावर सही करायला पेन उघडलं होतं. मोनिका समोरच्या खुर्चीत, मांडीवर हात घट्ट धरून.

"सर, सही करू नका," भार्गवी म्हणाली. "पाच मिनिटं द्या."

नवा डबा आला होता. तिने दोन कोऱ्या पट्ट्या घेतल्या. ॲसिटोन घेऊन एक वाइपने पुसली, दुसरी पर्समध्ये आणलेल्या देवकापसाने. दोन्हींवर पाणी सोडलं. पहिलीवर ते पसरलं. दुसरीवर थेंब उभे राहिले, अळवाच्या पानावर राहतात तसे.

सर खुर्चीतून उठून जवळ आले.

"ह्यानं पुसलं मी, गुरुवारपासून. घरचा होता. मला वाटलं, याहून शुद्ध..." तिने कापूस सरांपुढे ठेवला.

सरांनी नोंदवही ओढली. "इथे वाइप लिहिलंय."

"ते खोटं आहे, सर."

मोनिका उठली. "ताई, आवो रातभर मी सूत्र तपासत बसले! माझ्या आईला फोन करून सांगितलं, आये, माझंच चुकलं म्हनून. आन् तुमी देवाच्या वाती घेऊन..." तिने उभ्या थेंबांकडे बोट केलं. "देवाला तरी चाललं का हे?"

"नाही चाललं," भार्गवी म्हणाली. "म्हणून तर आले."

सरांनी पेन मिटलं, आणि एकेक फोन सुरू केले. दोन कंपन्यांना कळवलं, निकाल मागे घेतोय. विमानांचे पंख करणाऱ्या कंपनीकडून शुक्रवारपर्यंतची मुदत मिळवली. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "भार्गवीताई, नव्या पट्ट्या गोरक्षनाथ करेल. तुम्ही तूर्त कुठल्याही पट्टीला हात लावायचा नाही. आणि नोंद दुरुस्त करा, स्वतःच्या अक्षरात."

तिने 'वाइप'वर एक रेघ मारली, वर 'देवकापूस, न धुतलेला' असं लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

रेझिन सुकायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस ती फायली लावत राहिली. तिच्या हाताखाली शिकलेला गोरक्षनाथ प्रत्येक पट्टीवर पाणी सोडून बघे, आणि तिच्या नजरेला नजर देत नसे. रेझिनही कच्चं निघालं तर? मग आपण त्या पोरीला दुसऱ्यांदा आशेला लावलं.

गुरुवारी पट्टी जबड्यात चढली तेव्हा ती दारातच उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. नऊ. बारा. अठरा. बावीस. मोनिकाने डोळे मिटले. तेवीसच्या पुढे आकडा गेला आणि धाडकन आवाज झाला.

जोड तसाच होता. पट्टीच फाटली होती; रेझिनने सोडलं नव्हतं.

"अशाच अजून चार," सर म्हणाले, पण त्यांचा चेहरा सैल झाला होता.

मोनिकाने तुकडा उचलला, दारापाशी आली आणि भार्गवीपुढे धरला. भार्गवीचा हात पुढे आला आणि तिथेच थबकला.

"मला हात लावायचा नाही, बाई."

"धरा वो," मोनिका म्हणाली. आवाजात राग होता, पण थोडाच उरला होता. "आता तुटलीच हाय. आता काय बिगडवनार तुमी?"

भार्गवीने उजवा तळवा पुढे केला.