बाविशीतला फोटो

मी एक फोटो बोलतोय. आधीच कबूल करतो, मी जळतो. जिचा मी फोटो आहे, तिच्यावरच जळतो.

माझा जन्म अलिबागच्या एका स्टुडिओत झाला. नूतन तेव्हा बावीस वर्षांची होती आणि मला स्थळांकडे पाठवायचं होतं. फोटोग्राफरने तिची हनुवटी वर केली, आईने ओठ मिटून बसायला सांगितलं, दिवे लागले आणि मी झालो. रेवदंड्याजवळच्या एका गावात शिवदासच्या घरच्यांनी मला पाहिलं आणि होकार कळवला. लग्न माझ्यामुळे ठरलं. हे मी कधी विसरलो नाही.

शिवदासने मला चौकटीत बसवून पुढच्या खोलीत लावलं. तो रोह्याला कंपनीत जायचा. भातशेती नूतनच्या अंगावर होती. पुढे सासू आवडाबाई अंथरुणाला खिळली, ती नऊ वर्षं. तिला कूस बदलवायला नूतन रात्रीतून तीनदा उठायची. तिचे गाल बसले, डोळ्यांखाली काळं आलं. पाहुणे आधी मला बघायचे, मग चहा घेऊन येणाऱ्या तिला, आणि म्हणायचे, केवढी देखणी होती. ते ‘होती’ मला फार गोड लागायचं.

आवडाबाई गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत उरणकडे विपुलचं लग्न निघालं. विपुल हा नूतनच्या थोरल्या बहिणीचा, कमळचा मुलगा. कमळच्या सासरी पूर्वी मिठागरं होती, आता ट्रक आहेत. लग्नाआधी कमळने तरुण दिसायला मुंबईत पापण्यांचं आणि जबड्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. हळदीत एका बाईने नूतनला विचारलं, तुम्ही कमळच्या आई का?

घरी आल्यावर नूतनने हे मुलीला, प्राप्तीला, हसत हसत सांगितलं. प्राप्ती आत गेल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी कानशिलांजवळची कातडी मागे ओढून माझ्या काचेत बघत राहिली. मला कमळचा भयंकर राग आला. परवा शिवलेला चेहरा, आणि माणसं त्याचं कौतुक करतात?

पण पुढे जे झालं, त्याने मी सुखावलो. नूतनने कमळकडून डॉक्टरचा नंबर घेतला. चांगल्या चेहऱ्याला सुरी कशाला लावायची, म्हणून शिवदास कुरकुरला. तिने ऐकलं नाही. मला खिळ्यावरून काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि प्राप्तीला घेऊन ती डॉक्टरकडे गेली. तिला माझ्यासारखं व्हायचं होतं. मी चौकटीत मावत नव्हतो.

डॉक्टर बाईंनी मला बराच वेळ हातात धरलं. पापण्यांची जादा कातडी काढता येईल, जबडा ताणता येईल, सूज काही आठवडे राहील, कानामागे व्रण राहतील, आणि काही वर्षांनी कातडी पुन्हा ओघळेलच, असं त्यांनी नीट समजावलं. मग विचारलं, “या फोटोतलं नेमकं काय हवंय तुम्हाला?”

नूतन माझ्याकडे बघू लागली. मी उत्तराची वाट बघत होतो.

“काईच न्हाय,” ती म्हणाली. “ही घाबरलीय. पसंत पडंन का न्हाय, येवढाच इचार हाय हिच्या डोळ्यात.”

तीस वर्षं मी ज्याला रूप समजत होतो, ते हे होतं.

डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने विचार करा. परतताना नूतनने प्राप्तीला सांगितलं, ऑपरेशन करावंसं अजून वाटतंय, पण हिच्यासारखं व्हायचं नाही.

ते सहा महिने मी भिंतीवरून बघितले. नूतन आता सलग झोपायची. प्राप्तीने तिला स्कूटर शिकवली, आणि ती रेवदंड्याच्या एका हॉटेलात तांदळाच्या भाकऱ्या पोचवू लागली. उन्हाने हात रापले, पण गाल भरून आले. डॉक्टरचा नंबर फोनमध्येच पडून राहिला. एक दिवस कमळ आली. बहिणीला बराच वेळ निरखून तिने विचारलं,

“कुनाकडं केलंस?”

“कुनाकडंच न्हाय, ताय.”

कमळला पटेना. तिने उठून नूतनचे केस बाजूला केले आणि कानामागे व्रण शोधले. नाही सापडले, तेव्हा ती खाली बसली. स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवून हळूच म्हणाली, इथे अजून हात लावलेला कळत नाही. नूतनने तिचा हात हातात घेतला. कमळची नजर माझ्याकडे गेली. “या फोटोतच तू वयानं मोठी दिसतेस.”

कमळच्या आवाजातला हेवा मी ओळखला. तो माझाच होता.

दुसऱ्या दिवशी नूतनने मला उतरवलं, पुसलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवलं. माझ्या जागी प्राप्तीने काढलेला फोटो लागला. स्कूटरवर बसलेली, उन्हात डोळे बारीक केलेली, सगळ्या सुरकुत्यांसकट.

आता सकाळी कपाटातून साडी काढताना तेवढी ती मला दिसते. कधी डोळ्यांपाशी नवी रेघ असते, आणि तिला शोभते. माझ्या गालावर बुरशीचे ठिपके आलेत, सुरकुती एकही नाही. मी तेवीस वर्षांचा झालोच नाही. तुमच्यापैकी कुणी आपली वर्षं पुसून घ्यायला निघालं असेल, तर त्यातलं एखादं माझ्याकडे ठेवून जा.