रकाना बावीस

बाईंनी पेनाच्या टोपणाने तीन नंबरच्या खिडकीच्या काचेवर टकटक केली. आतल्या तरुणाने मान वर केली नाही. तो स्टेपलरमध्ये पिना भरत होता आणि इतकं मन लावून भरत होता, की बाईंच्या वर्गात असता तर त्याला हस्तव्यवसायात पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. बाकीच्या विषयांचं मात्र कठीण होतं.

"कार्ड बंद का केलंत, एवढंच विचारतेय," बाई म्हणाल्या.

"आजी, नंबर आला की बोला."

"नंबर माझाच आहे. आणि मला बाई म्हणतात."

हे खरंच होतं. अडतीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवून त्या निवृत्त झाल्या, तरी सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. फक्त खारू तेवढी आजी म्हणे. खारू आत्ता आईचा हात धरून मागे उभी होती. सात वर्षांची पोर. पुढचे दोन मोठे दात आणि एका जागी न टिकणं, यावरून हे नाव पडलेलं. आज मात्र ती टिकून उभी होती, कारण फार हललं की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. तिला दमा होता. कमी कमाईच्या घरातल्या मुलांना सरकारने एक निळं कार्ड दिलं होतं. त्यावर तिला दर महिन्याला औषधाचा पंप फुकट मिळे, आणि गेल्या वर्षी दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं तेही त्यातच झालं. गेल्या आठवड्यात औषधाच्या खिडकीवर सांगितलं, कार्ड बंद आहे. पंपाच्या पाठीवर एक इवलीशी खिडकी असते, किती फवारे उरले ते तिच्यात दिसतं. आज सकाळचं औषध घेतल्यावर तिथे अकरा आकडा होता. सकाळी दोन, संध्याकाळी दोन.

स्टेपलर मिटेपर्यंत बाईंनी सभोवार पाहिलं. शंभर माणसांना सहा बाकं. पाण्याच्या यंत्रावर 'बंद आहे' अशी पाटी, आणि ती प्लास्टिकमध्ये घालून पक्की केलेली. म्हणजे यंत्र दुरुस्त व्हायचं नव्हतं, पाटी मात्र टिकायला हवी होती. भिंतीवर योजनेचं चित्र होतं. त्यातलं बाळ इतकं गुबगुबीत होतं, की त्याला जन्मात या खिडकीशी यावं लागलं नसतं.

"उत्पन्न मर्यादेबाहेर," तरुण संगणकाकडे बघत म्हणाला. "घरात निवृत्तिवेतनधारक व्यक्ती आहे."

"कुणाच्या घरात?"

"यांच्या."

"आमच्या घरात मी आणि ही, दोघीच आहोत हो साहेब," खारूची आई म्हणाली. ती एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. आज अर्ध्या दिवसाची रजा मागून आली होती आणि ती रजा संपत आली होती.

तरुणाने पडदा त्यांच्याकडे वळवला. "रकाना बावीस. घरात नियमित जेवणाऱ्या इतर प्रौढ व्यक्ती. हे बघा, नीट भरलाय."

नीट तर होताच. गोल, टपोरं, एका रेषेतलं अक्षर. बाईंनी ते लगेच ओळखलं. अर्ज त्यांनीच आपल्या टेबलावर बसून भरला होता. त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. शाळा सुटल्यापासून आई कामावरून परतेपर्यंत खारू त्यांच्याकडे असायची. आई आली की दोघी खाली उतरत आणि तिघी मिळून जेवत. पाच वर्षं हे असंच चाललं होतं. अर्जात विचारलं होतं, म्हणून बाईंनी लिहिलं होतं. रकाना रिकामा सोडणाऱ्या मुलाचा त्या अर्धा गुण कापत असत.

"मी तिथे राहत नाही. नुसती जेवते," बाई म्हणाल्या.

"पण जेवता ना?"

"जेवते."

"मग घरातल्याच झालात." त्याने हे अशा समजुतीच्या सुरात सांगितलं, जसं काही बेरीज चुकलेल्या पोराला सांगावं.

"म्हणजे मी उपाशी राहिले तर हिला औषध मिळणार. असाच नियम आहे ना तुमचा? कुणाच्या डोक्यातून निघाला हो? त्याला भेटायचंय मला."

"नियम वरून येतात."

"वरून पावसासारखे पडतात वाटतं. कुणी करत नाही."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. खारूच्या आईने बाईंच्या कोपराला हात लावला.

"बरं, राहू दे," बाई म्हणाल्या. "पंप मी आजच विकत घेऊन देते. पुढचं पुढे."

"तसं करू नका हं!" तरुण पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकला. आवाजही खाली आला. "यांच्या नावाचं बिल कुठे निघालं, तर स्वखर्चाने उपचार घेण्यास सक्षम अशी नोंद होते. मग पुन्हा अर्जच करता येत नाही. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीच कळकळ होती. इतका वेळ बाईंना त्याचा नुसता राग येत होता. त्या कळकळीची मात्र त्यांना भीती वाटली.

"मग उपाय काय?"

उपाय तयारच होता. खिडकीच्या फटीतून एक कोरा कागद आणि छापील नमुना बाहेर आला. संबंध नसल्याचं निवेदन, स्वतःच्या अक्षरात. बाईंनी भिंतीला लागून असलेल्या फळीवर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. खारू टाचा उंचावून शेजारी उभी राहिली. शब्दाखाली बोट ठेवायचं आणि एकही शब्द गाळायचा नाही, हे बाईंनीच तिला शिकवलं होतं. तिने बोट ठेवलं.

"सदर... बालकाशी... माझा कौ-टुं-बिक, आर्थिक किंवा भो-जन-विषयक... कोणताही... संबंध नाही." तिने दम घेतला. छातीत बारीक शिट्टी वाजली. "आजी, सदर बालक म्हणजे कोण?"

"तू."

"आणि माझा म्हणजे?"

"म्हणजे मी."

खारूने बोट पुन्हा पहिल्या शब्दावर नेलं आणि ओळ मनातल्या मनात परत वाचली.

"मग संबंध म्हणजे काय?"

अडतीस वर्षांत बाईंनी मुलाचा प्रश्न कधी पुढे ढकलला नव्हता. "घरी सांगते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

तरुणाने कागदावर दोन शिक्के मारले. दुसरा उलटा पडला, तेव्हा तिसरा मारला. "उद्या संध्याकाळी तपासणीस येतील. जेवणाच्या वेळेला येतात. ताटं बघतात."

"मोजतात?"

"हो."

"तीनपर्यंत येतं ना त्यांना?"

जिन्यावरून उतरताना खारूची आई घड्याळ बघत होती. फाटकापाशी आल्यावर ती थांबली.

"बाई, तो रकाना रिकामा ठेवला असतात तर?"

"अगं, रिकामा कसा ठेवणार? विचारलं होतं त्यांनी."

"विचारलं म्हणून सगळं सांगायचं असतं का? आपल्यासारख्यांनी?"

ती चिडली नव्हती. एखाद्या मंद पोराला चौथ्यांदा समजावतात, तशी बोलली होती. मग बस आली आणि ती धावत गेली. बाई खारूचा हात धरून चालू लागल्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी तो सोडला. ओळखीचं कुणी बघेल, असं मनात आलं म्हणून सोडला, आणि तसं मनात आलं याची त्यांना शिसारी वाटली. घरी पोचल्यावर संबंध म्हणजे काय, ते बाईंनी सांगितलं नाही आणि खारूनेही परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी आपल्याच खोलीत, आपल्याच टेबलावर एक ताट मांडलं. भात गिचका झाला होता. एका माणसापुरतं पाणी किती घालायचं, ते त्या विसरून गेल्या होत्या. खालून जड पावलं ऐकू आली, मग पुरुषी आवाज, मग भांडी सरकवल्याचा आवाज. थोड्या वेळाने पावलं जिना चढू लागली. त्यांच्यामागे एक हलकी, थांबत थांबत येणारी चाहूल होती.

तपासणीस दार न वाजवताच आत आला. धिप्पाड, घामेजलेला, काखेत फाईल. वर कुठे जायचं ते दाखवायला त्याने खारूला सोबत आणलं होतं. अख्खा जिना चढवून. ती त्याच्या मागे दारात उभी होती, खांदे वर-खाली होत होते.

"एकट्याच?"

"दिसतंय ना."

त्याने ताट पाहिलं, पेला पाहिला, झाकण काढून पातेल्यात डोकावलं. मग त्याची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथे खारूची दुरेघी वही उघडी पडली होती. सकाळपासून बाईंनी तिच्या चपला, तिची कंगवा-रिबीन, तिचं काचेचं मांजर, सगळं कपाटात घातलं होतं. वही राहिली होती. वही त्यांना इतकी आपलीच वाटत होती, की ती नजरेलाच आली नव्हती.

"ही कुणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. "अक्षर सुधारतेय."

त्याने वही उचलली. शेपूट विसरलेला उकार, ओळीबाहेर पळालेली वेलांटी. तो दोन पानं पाहत राहिला.

"वयाच्या मानाने बरं आहे," तो म्हणाला आणि वही खाली ठेवली.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी बाईंना हसू आवरलं नसतं. मुलांच्या औषधाचा निकाल या माणसाच्या हातात होता आणि सात वर्षांचं अक्षर कोणतं, सत्तरीचं कोणतं, एवढंही त्याला कळत नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. जगात कुणालाच काही शिकवता येत नाही, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

त्याने बाजूला सरून खारूकडे बोट केलं. "हिला ओळखता?"

बाईंनी मान वळवली. खारू दारात ताठ उभी होती. तिची नजर थेट बाईंवर होती आणि हनुवटी अगदी हलकेच डावी-उजवीकडे हलत होती. फळ्यापाशी अडलेल्या मुलाला मागच्या बाकावरून जसं उत्तर सुचवतात, तसं. वर्गात असं कुणी केलं, की बाई सुचवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही उभं करत असत.

"नाही," बाई म्हणाल्या.

"खालीच राहते."

"जिन्यात पोरं असतात. मी लक्ष देत नाही."

"आणि तू गं? या कोण?"

"वरच्या काकू," खारू म्हणाली. "सारख्या ओरडतात. आम्ही यांच्याकडे येत नाही."

तीन वाक्यं, तिन्ही पूर्ण, कुठे अडखळणं नाही. वर्षभर बाई तिला हेच सांगत आल्या होत्या, की तुटक बोलू नये, अख्खं वाक्य करावं.

तपासणिसाने फाईलमध्ये खूण केली. "अहवाल सोमवारी वर जाईल," असं म्हणून तो निघाला. खारू त्याच्या पुढे जिना उतरली. तिने मागे वळून पाहिलं नाही. बाईंना वाटलं, हेही बरोबरच आहे, आणि असं बरोबर आपण तिला कधी शिकवलं नव्हतं.

दार लोटून त्या टेबलापाशी बसल्या. बाहेरचं दार वाजलं, जड पावलं गल्लीत विरली. मग खालून पंपाचा आवाज आला, एकदा आणि जरा थांबून परत एकदा. बाईंनी मनात वजाबाकी केली. सातातून दोन गेले. उद्या सकाळी तीन, उद्या संध्याकाळी एक. सोमवार तीन दिवसांवर होता, आणि अहवाल त्या दिवशी नुसता वर जायचा होता. तो खाली कधी येईल, ते तपासणिसाने सांगितलं नव्हतं.

ताट तसंच झाकून त्यांनी पायात चपला अडकवल्या.

नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती. दुकानदाराने पंपाचं खोकं काउंटरवर ठेवलं आणि बिलाचं पुस्तक ओढलं. बाई त्याच्या पेनाकडे पाहत राहिल्या.

"नाव काय घालू, बाई? कुणासाठी आहे?"

"माझंच घाला," बाई म्हणाल्या. "घरी दुसरं कोण आहे?"