पिनेची दोन भोकं

आईच्या मृत्युपत्राच्या डाव्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं होती. त्यांत पिन नव्हती. तीन पानं कडेने पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली होती आणि वर निळ्या कापडाचं कव्हर होतं. घराच्या नोंदी बदलणाऱ्या कचेरीतल्या अधिकारी बाईंनी ते खिडकीकडे धरलं.

"हे असं कोणी केलं?"

"मी," काका म्हणाले. "पिन गंजते. कागद खाते."

"मूळ पिन तुम्ही काढलीत?"

"काढली. हळू काढली."

दादाचे वकील खुर्चीत मागे रेलले. त्यांना आणखी काही विचारायची गरजच उरली नव्हती. पिन काढली म्हणजे पानं सुटी झाली, आणि सुटं पान बदलता येतं. बरं, आईची सही पहिल्या आणि शेवटच्या पानावर होती, मधल्या पानावर नव्हती. काकांना हयातभर त्या घरात राहू द्यावं, त्यानंतर घर आम्हा दोघा भावंडांचं, हे सगळं मधल्याच पानावर होतं.

काका माझे सख्खे काका नव्हेत. ते पुस्तकं बांधतात, खळ लावून, दोऱ्याने शिवून. आई शाळेच्या ग्रंथालयात होती. फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे जायची आणि शिवून परत यायची. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाल्यावर एकदा पुस्तकांबरोबर काकाही आले, ते परत गेले नाहीत. एकोणीस वर्षं दोघं आईच्या घरात राहिले. लग्न केलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी दादाने शेवटचं विचारलं होतं, "माझ्या सासरच्यांना मी काय सांगू?"

"सांग की तुझ्या आईचं लग्न एकदा झालंय," आई म्हणाली. "पास झालेला माणूस पुन्हा परीक्षेला बसत नाही."

काका हसले, तिथेच बिघडलं. "हा खळवाला या घरात आहे तोवर आम्ही इथे पाऊल ठेवणार नाही," दादा म्हणाला आणि 'आम्ही' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाबा गेले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, मी नऊ. माझी वह्या-पुस्तकं त्याच्या दुपारच्या नोकरीतून आली होती. त्याच्या शब्दाला नाही म्हणायची मला सवय नव्हती.

मी मान हलवली आणि पुढच्या गुरुवारी आईकडे गेले. गुरुवारी माझं औषधांचं दुकान दुपारी बंद होतं. दादाला सांगितलं, मालाची मोजदाद असते. नऊ वर्षं मी दर गुरुवारी मोजदाद केली.

सहा वर्षांपूर्वीच्या अशाच एका गुरुवारी मी पोचले, तेव्हा टेबलावर दोन मृत्युपत्रं पडली होती. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आणि शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका साक्षीदार म्हणून सह्या करून नुकतेच गेले होते. डॉक्टरांनीच आई-काकांच्या मागे लकडा लावला होता: उद्या एकाला काही झालं तर दुसऱ्याला कोणी दारातही उभं करणार नाही. काकांनी आपलं दुकान आणि कागद कापायचं यंत्र आईच्या नावे लिहिलं होतं. त्यांचा मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला होता, "बाबा, मला त्यातली कात्रीसुद्धा नको."

मृत्युपत्र करून देणाऱ्या वकिलाने प्रत्येक पानावर सही करायला बजावलं होतं. आईने पहिल्या आणि शेवटच्या पानावर केली. तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के तसेच मारले होते तिने.

"मधलं पान राहिलं," मी म्हणाले.

"मधलं कोण चोरतंय?" आई म्हणाली. "बाइंडर, तुम्ही चोरणार आहात का?"

"आधी ही पिन काढू द्या," काका म्हणाले. त्यांनी पातळ पट्टी माझ्या हातात दिली. "तुझे हात नाजूक कामाला सरावलेत. पिनेचे दोन्ही पाय सरळ कर, मग उचल. ओढू नकोस."

पिन मी काढली. पानं शिवून होईपर्यंत आईने ती चिमटीत धरून ठेवली होती, मुलाने पडलेला दात धरावा तशी.

आणि आता कचेरीत काका "मी" म्हणाले होते. माझ्याकडे न बघता.

अधिकारी बाईंनी विचारलं, "ही पानं मूळचीच आहेत हे सांगणारं कोणी आहे?" मुख्याध्यापिका वारल्या होत्या. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, की सही केली, पानं वाचली नाहीत. बाईंनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेर व्हरांड्यात दादा माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले होते. आईला जाऊन दोनच महिने झाले होते, आणि तो शेवटी तिला भेटलाच नव्हता.

"मी काही राक्षस नाही," तो म्हणाला. "त्यांना एखादी खोली बघून देऊ. पण आईच्या घरात का? ते कोण लागतात आपले?"

तो पाणी प्यायला गेला. काका बाकावर बसून चष्मा पुसत होते.

"तुम्ही खोटं का बोललात?"

"अर्धंच," ते म्हणाले. "शिवलं मीच ना? तू गप्प बस. भाऊ तुला एकच आहे. मला काय, चार भिंती कुठेही मिळतील."

"आईने 'कुठेही' असं लिहिलेलं नाही."

"ऐक माझं."

"एकोणीस वर्षांत तिने तुमचं ऐकलं का कधी?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एकदा," ते म्हणाले. "पिनेचं."

आत गेल्यावर मी उभी राहिले. "ती पिन मी काढली," मी म्हणाले. "सह्या झाल्या त्याच दुपारी, आईच्या समोर. मधलं पान मी तेव्हा वाचलंय. हेच पान आहे ते. दर गुरुवारी मी त्या घरात असायचे. हे पान टिकलं नाही तर आज अर्धं घर माझं होतं. मला ते आज नकोय."

दादाचे वकील काही म्हणायला गेले. दादाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"दर गुरुवारी?" त्याने मला विचारलं.

"हो."

"मोजदाद म्हणायचीस."

"हो. तुला घाबरून. आता घाबरत नाही."

त्याने खालच्या आवाजात विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायची?"

"दर गुरुवारी," मी म्हणाले.

अधिकारी बाईंनी माझा जबाब लिहून घेतला. त्यांनी दादाला विचारलं, "याला तुमची हरकत?" दादाने मान हलवली, नाही म्हणून, आणि कोणाकडेही न बघता बाहेर निघून गेला. तो माझ्याशी पुन्हा कधी बोलेल, मला माहीत नाही. मी त्याच्यामागे गेले नाही. अजून सही बाकी होती.

जबाब दोन पानांचा झाला. मी पहिल्या पानावर सही केली, दुसऱ्यावर केली. कारकुनाने पानं जुळवली आणि कोपऱ्यात पिन मारली. शेजारी काकांनी डोळे मिटून घेतले.

"गंजेल," ते पुटपुटले.

"गंजू दे," मी म्हणाले. "ही काढायची नाही. चला, घरी जाऊ."