परातीला लागलेला पाय

सिंधूबाईने भाकरी मोडली, वर वांग्याचं भरीत ठेवलं आणि तो तुकडा थोरल्या जावेच्या हातात दिला. तुळजाबाईने तो नुसता धरून ठेवला.

"खा आक्का. जेवणाच्या सुट्टीनंतर परत उभं ऱ्हायचंय."

"गिळवत न्हाई गं."

कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाकडं सावलीला होतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला साखरबाई बसली होती. सणसवाडीत तिची भज्यांची गाडी होती. वर्षापूर्वी दोघा पोरांनी तोंडाला रुमाल बांधून, कोयता दाखवून तिचा गल्ला नेला होता. ती पोरं या दोघींची, तुळजाबाईचा ज्ञानेश आणि सिंधूबाईचा प्रांजल. सकाळीच दोघे दोषी ठरले होते. शिक्षा किती, ते आता दुपारी ठरणार होतं.

दोघांचाही हा पहिलाच गुन्हा. पण वकिलाने सांगून ठेवलं होतं की कोयता ज्याच्या हातात होता, त्याला सात वर्षांच्या खाली शिक्षा देताच येत नाही. दुसऱ्याचं वय कोर्ट बघेल. कोयता ज्ञानेशच्या हातात होता, असं साखरबाईने साक्षीत अंगलटीवरून ओळखून, बोट करून सांगितलं होतं. ज्ञानेशने तेव्हा मान खाली घातली होती. नाही म्हटलं नव्हतं.

तुळजाबाई तुकडा तसाच फडक्यात ठेवून नळावर तोंड धुवायला गेली. सिंधूबाईचा हात भाकरीवर थांबला. समोर माणूस बसलेलं असताना एकट्याने खायची त्यांच्या घरात रीत नव्हती. तिने अर्धी भाकरी बाकड्यावरून पुढे सरकवली.

"घ्या."

"तुमच्या घरचं खाऊ व्हय आता?" साखरबाई म्हणाली. "माझी गाडी बंद पडली. अंधार पडला की मला दाराबाहेर पाय टाकवत न्हाई. लेक म्हणतो, आई, तू येडी झाली."

"भाकरीनं काय केलंय तुमचं?"

साखरबाईने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तिने भाकरी ओढून घेतली. दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, "मिरची बरी घातलीय."

मग आणखी खालच्या आवाजात म्हणाली, "एक सांगू? कुणाला बोलले न्हाई आजवर. पोलिसांनी इचारलं न्हाई, आन् सांगितलं आस्तं तर हसले आस्ते. तुमच्या जावेचं पोरगं मुळात वाईट न्हाई वो. कोयता घेऊन म्होरं आलं, मी मागं पडले. बेसनाची परात खाली व्हती, तिला त्याचा पाय लागला. तर कोयता काखेत धरला आन् वाकून परातीच्या पाया पडला! म्या म्हणलं, चोर हाय का कोण हाय?"

"आपल्याकडं समदेच पडतात की पाया."

"पडतात. पण ह्यानं हात डोळ्यांना लावला, आन् मंग असा गळ्याला लावला. गळ्याला कुणी लावतं का?"

साखरबाईने स्वतःच्या गळ्याला बोटं टेकवून दाखवली.

सिंधूबाईने उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. गाठ बसेना. तिने ती सोडून पुन्हा बांधली.

प्रांजल लहान असताना खेळता खेळता त्याने भाकरीला लाथ मारली होती. त्याच दिवशी बोराची आठळी त्याच्या घशात अडकली. पाठीत बुक्क्या घालून ती काढली आणि सिंधूबाई त्याला म्हणाली होती, अन्नाला पाय लावलास, ते गळ्याशी आलं. तेव्हापासून अन्नाला पाय लागला की त्याचा हात डोळ्यांवरून गळ्याकडे जायचा. ज्ञानेश त्याला चिडवायचा, आठळी आली का रं परत?

"सायबाला सांगू का ह्ये?" साखरबाईने विचारलं. "पोराचं एखादं वर्स कमी झालं तर झालं."

"नगा सांगू," सिंधूबाई म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "वकील म्हणला, अशानं काय व्हत न्हाई."

"बरं. तुमचं तुम्हाला ठावं."

पोरांना जिन्याखाली बसवलं होतं. सिंधूबाई पाण्याची बाटली घेऊन गेली. हवालदाराने घड्याळ बघितलं.

"आटपा मावशी. सायेब आले तर तुमच्या पाण्यापायी माझी बदली व्हईल गडचिरोलीला."

दोघे एकाच बेडीत होते. तिने बाटली प्रांजलकडे दिली आणि विचारलं, "कोयता कुणाकडं व्हता?"

प्रांजल पाणी प्यायचा थांबला. त्याने भिंतीकडे बघितलं. उत्तर ज्ञानेशने दिलं.

"काकू, ऱ्हाऊ द्या. त्याला कंपनीतनं काढलं व्हतं, तो घरी रडत बसला व्हता. चल म्हणलं म्या. घेऊन म्या गेलो त्याला."

"मी कोयत्याचं इचारते."

"मी थोरला हाय," ज्ञानेश म्हणाला. "आईला काय बोलू नका."

प्रांजलने बाटली परत दिली. त्याची बोटं तिच्या हाताशी रेंगाळली. लहानपणी ताप चढला की तो असाच तिचा हात शोधायचा. तिने तो हात धरला नाही.

पुकारा झाला. दोघी जावा मागच्या बाकावर शेजारी बसल्या. तुळजाबाईने सिंधूबाईचा हात मांडीवर घेऊन घट्ट धरला.

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, फिर्यादीला काही म्हणायचं आहे का. साखरबाई उठली. तिने एकदा मागे वळून सिंधूबाईकडे बघितलं.

"माझं काय न्हाई, सायेब," ती म्हणाली आणि बसली.

"ज्ञानेश, शिक्षेबाबत तुला काही सांगायचं आहे?"

"न्हाई."

"नीट विचार कर. आता बोलायची संधी आहे."

"न्हाई सायेब."

मग प्रांजलला विचारलं. वकिलाने पाठ करून घेतलेलं तो एका दमात म्हणाला. वय कमी आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारी आजी आहे, आईला दुसरा आधार नाही. "आई" म्हणताना तो अडखळला आणि मागे बघायला वळला. पोलिसाने खांद्याला धरून त्याचं तोंड पुढे केलं.

न्यायाधीश लघुलेखकाला सांगू लागले. पंख्याच्या आवाजात एखादाच शब्द मागे पोहोचत होता.

सिंधूबाई उभी राहिली.

"ओ बाई, खाली बसा," दाराजवळचा शिपाई म्हणाला.

न्यायाधीशांनी मान वर केली. साखरबाईनेही वळून बघितलं. तुळजाबाईने घाबरून धाकट्या जावेचा पदर धरला आणि खाली ओढला.

"सिंधू, बस की गं. सायेब रागावलं तर पोरांचं वाईट व्हईल."

सिंधूबाईने जावेची बोटं एकेक करून पदरातून सोडवली आणि ती उभीच राहिली.