पाण्याची वाट

किल्ल्यात पाणी कुठून येतं, हे फक्त पाणक्याच्या घराला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या घरातल्या कुणाला किल्ल्याबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. ज्या राजाने टेकडीच्या पोटातून झऱ्याची वाट खोदून घेतली, त्यानेच हा हुकूम काढला. वाट शत्रूला कळली तर तो सगळ्यांना तहानेने मारील, ही त्याची धास्ती. पुढे त्याचं राज्य बुडालं. घोडेस्वारांचं साम्राज्य आलं, त्यांनी बुरूज चढवले. त्यांना हुसकावून तोफावाले आले, त्यांनी तट जाड केला. हुकूम मात्र कुणीच मागे घेतला नाही.

"आपल्याला काय फरक?" पाणक्या लेकीला म्हणायचा. "शिव्यांची भाषा तेवढी बदलते."

लेकीला हसू यायचं नाही. तिची आई लग्न करून आत आली, ती आतच संपली. शेवटच्या आजारात माहेरची माणसं भेटायला आली, पण गुपित फुटेल म्हणून पहाऱ्याने त्यांना दरवाज्यावरूनच परत पाठवलं होतं.

मग तोफावाल्यांचाही पाडाव झाला. नवा सेनापती भर चौकात गरजला, "पाण्याचा माणूस कोण?"

पाणक्या सवयीने पुढे सरकला. लेकीने त्याचा दंड धरला. "आबा, थांबा. मी बोलते."

चौकात सैनिक होते, स्वयंपाकी होते, भाजी विकायला आलेल्या बायका होत्या. त्या सगळ्यांदेखत ती भडाभडा सांगत सुटली: झरा कुठे, कोठारातली कोणती फरशी उचलायची, पाणी कसं सोडायचं.

"अगं, जीभ आवर!" पाणक्याने कपाळावर हात मारून घेतला.

"आता सगळ्यांनाच कळलं," ती सेनापतीला म्हणाली. "आम्हाला डांबून काय मिळणार? जाऊ द्या आम्हाला."

सेनापती रागावला नाही. त्याने चौकातल्या माणसांवरून सावकाश नजर फिरवली.

"दरवाजा लावा. हे ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांतलं कुणीही आता बाहेर जाणार नाही."

एक भाजीवाली किंचाळली, "अहो, माझं लेकरू घरी आहे!" टोपली टाकून ती धावली, तोवर अडसर पडला होता.

"लेकरू आत आणवतो," सेनापती म्हणाला. "पण मग तेही इथलंच."

भाजीवाली बंद दरवाज्याकडे बघत राहिली. "नको," ती शेवटी म्हणाली. "माझी बहीण सांभाळील त्याला."

लेक तिला घरी घेऊन आली. पाणक्याने तिच्यासाठी अंथरूण घातलं. लेकीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

भाजीवालीला तहान लागली होती. पण तिने तोंड फिरवलं.