उजवा हात

आमच्या बेकरीच्या सोसायटीत सगळं हात वर करून ठरतं. ओव्हन कुठे ठेवायचा, सुट्टी कधी, अगदी दाराला रंग कोणता द्यायचा तेसुद्धा. अध्यक्ष विमलबाईंचं मोजून होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, आणि हात उजवाच. डावा हात चांगल्या कामाला कोण वर करतं?

मागच्या दुष्काळात शेतातली कामं संपली, तेव्हा आम्ही बायकांनी पाटोद्यात ही बेकरी काढली. माझी धाकटी जाऊ गंगासागर केकला क्रीमचा थर लावते, सजावट पहिल्यापासून माझी. दानम्माचे गुलाब म्हटलं की लिंबागणेशहून माणसं यायची. आता पुन्हा दुष्काळ आलाय, आणि दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतोय. कुणाला कळू दिलं नाही. कोपर टेबलाला घट्ट टेकवायचं आणि नजर लागते म्हणून सगळ्यांना बाहेर पिटाळायचं. तरी पाकळ्या फाटायच्याच. शेवटी मीच बैठकीत विषय काढला, की गुलाब जुने झाले, रंग फवारायचा एअरब्रश घेऊ. फवाऱ्यात थरथर दिसत नाही. हे काम गेलं तर घरी भिंतीकडे बघत बसायचं, आणि ते मला मेल्याहून वाईट.

बीडचा विक्रेता भारत दोन नमुने घेऊन आला. एक पेनासारखा, बोटाखालची बारीक कळ दाबत, मागे ओढत रंग सोडायचा. दुसरा पिस्तुलासारखा, मुठीत धरून नुसता घोडा दाबायचा. त्यानं पुठ्ठ्यावर निळा फवारा मारून दाखवला. मुक्ताबाईचं माहेर धरणाकाठच्या पालीचं. ती बघतच राहिली.

"धरण भरल्यावर असंच दिसायचं बाई," ती म्हणाली.

बाहेर टँकरपाशी भांडण चाललं होतं.

सगळ्यांना पेन आवडलं. आवडणारच, त्यानं नावं लिहिता येतात. त्या कळीवर माझं बोट ठरलंच नसतं.

"कावून पायजे पेन?" मी तोंड सोडलं. "भोक बघा केवढं त्याचं! रंग बदलला की धुवावं लागंल, अन् पाणी कुठं हाय? टँकरात बोअरचं पाणी, लई खारं. लगेच बुजंल ते. पिस्तुलाचं भोक मोठं हाय."

"मावशीचं खरं हाय," भारत म्हणाला. "बोअरच्या पाण्यानं लई पेनं बाद झाल्यात."

दुष्काळाचे उपकार मानायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

"बरं," विमलबाई म्हणाल्या, "पिस्तूल कुणाकुणाला पायजे? हात वर करा."

जिंकल्याच्या भरात मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. उजवाच, सवयीनं. वर गेल्यावर लक्षात आलं की इथं कोपराला टेबल नाही. हात लटपटायला लागला, बांगड्या वाजायला लागल्या. विमलबाईंचं मोजणं थांबलं. खाली घ्यावा तर मत जाणार. मी तसाच धरून ठेवला.

मग मुक्ताबाईनं हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी. शेवटी गंगासागरनं. माझ्याकडे मात्र कुणी बघेना. मला लाज वाटली आणि संतापही आला, त्यांचा आणि माझ्या हाताचा.

"मंजूर," विमलबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी भारतकडून पिस्तूल घेतलं, माझ्यासमोर जरा घुटमळल्या, आणि ते गंगासागरच्या हातात दिलं. "दानम्मा, तुमी हिला शिकवा. बसल्या बसल्या."

"अक्का, मला न्हाई जमायचं," गंगासागर रडवेली होऊन म्हणाली. पिस्तूल तिनं उलटं धरलं होतं.

"जमतंय. असं धर," म्हणत मी तिची मूठ माझ्या हातात घेऊन नीट वळवली आणि घोडा दाबला. पुठ्ठ्यावर निळी रेघ उमटली, सगळी वेडीवाकडी. माझ्या हातानं तिचाही हात हलत होता.

मी माझा हात काढून घेतला. पुढची रेघ सरळ आली.